आप्पासाहेब यादीत नाहीत

हे घडलं १९९२ साली. जानेवारीत विजयमाला आमच्या संस्थेत आली आणि दिवाळीनंतर महिन्याभरात गेलीसुद्धा. पुरतं एक वर्षही नाही. मला आता त्र्याऐंशी वर्षं झाली, पण ते एक वर्ष मला जितकं लख्ख आठवतं तितकं माझ्या लग्नाचं वर्षही आठवत नाही.

संस्था प्रभात रस्त्याच्या एका गल्लीत होती, अजूनही आहे. नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायची ते ओळखतील आणि फोन करून मला चुका सांगतील. तिथं इतिहासाचं संशोधन चालायचं आणि मी १९७१ पासून सूचीकार होते. सूचीकार म्हणजे काय हे माझ्या माहेरच्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून इथं सांगते. अभ्यासाच्या ग्रंथाच्या शेवटी एक यादी असते. लेखकानं कोणती पुस्तकं, कोणते कागद आधाराला घेतले, ते कुणी लिहिले, कुठं आणि कधी छापले. नाव आधी की साल आधी, स्वल्पविराम कुठं, पुस्तकाचं नाव तिरप्या टायपात की सरळ, हे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखं असावं लागतं. साधा वाचक ती पानं उलटतसुद्धा नाही. विद्वान मात्र पुस्तक हातात आलं की आधी तीच उघडतात, आपण त्यात आहोत का ते बघायला.

माझं सगळं काम कार्डांवर. एका पुस्तकाला एक कार्ड. कोरी कार्डं मागितली की आमचे कार्यालयप्रमुख असा चेहरा करत, जणू मी त्यांच्या ताटातली पोळी मागितली. म्हणून मी लग्नपत्रिका कापून वापरायची. जाड कागद, मागची बाजू कोरी. आमच्या आळीत सगळ्यांना ठाऊक होतं, कार्य पार पडलं की उरलेल्या पत्रिका घैसासबाईंकडे द्यायच्या. एकवीस वर्षांत तीन हजार एकशे चाळीस कार्डं झाली. बारा लाकडी खण भरले.

संस्थेच्या सूचीची एक रीत होती. अकारविल्हे नावं सुरू व्हायच्या आधी, अगदी वर, लेखकाच्या गुरूंची पुस्तकं. ही रीत कुठं लिहिलेली नव्हती. माझ्या आधीचे सूचीकार दिगंबरपंत यांनी पहिल्याच दिवशी मला ती सांगितली होती. ‘‘ग्रंथात त्यांचा उल्लेख असो नसो, ते वर असतात. विचारायचं नाही, घालायचं,’’ असं म्हणून त्यांनी तपकीर ओढली होती. आमचे संचालक डॉ. दीनानाथ खांबेटे. त्यांचे गुरू प्रा. गोपाळकृष्ण लवाटे, ज्यांना सगळं पुणं आप्पासाहेब म्हणायचं. पुण्याच्या जुन्या पाणीपुरवठ्यावरचं त्यांचं पुस्तक १९३८ सालचं. माझं कार्ड क्रमांक एक म्हणजे ते.

खांबेटे सरांचे चार ग्रंथ माझ्या सूचीनं निघाले. चारही प्रस्तावनांत माझे दोन ओळी आभार. पाचवा ग्रंथ त्यांचा सगळ्यात मोठा, पुणे जिल्ह्यातल्या धरणांचा आणि कालव्यांचा इतिहास. इंग्रजीत, साडेसहाशे पानं. निवृत्तीच्या आधी तो काढायचा त्यांचा निश्चय होता. १९८४ साली एकदा खिडकीशी उभं राहून ते मला म्हणाले होते, ‘‘घैसासबाई, या ग्रंथात सूचीच्या पहिल्या पानावर तुमचं नाव. स्वतंत्र ओळीत.’’ मी घरी जाऊन ते यजमानांना सांगितलं. त्यानंतर आठ वर्षं मी त्या एका ओळीसाठी काम केलं. हे मोठेपणानं लिहीत नाही. माणसं याहून लहान गोष्टींसाठीही काम करतात.

संगणक संस्थेत आदल्या वर्षीच आला होता. कुठल्याशा अनुदानातून. त्याला वेगळी खोली, थंड हवेचं यंत्र, दाराबाहेर चपला काढायची पाटी. आत तो फुलाफुलांच्या अभ्र्याखाली वर्षभर झोपून होता, कारण कुणालाच तो चालवता येत नव्हता. शिपाई रोज त्याच्यावरची धूळ पुसायचा आणि जाताना नकळत हात जोडायचा.

मग विजयमाला पोकळे आली. तेवीस-चोवीस वर्षांची, एम.ए., वर संगणकाचा कोर्स केलेला, धायरीहून स्वतःच्या स्कूटरवर येणारी. वडील जयसिंगराव धायरीचे जमीनवाले. मी शहरातली, पेठेतली. धायरी म्हणजे तेव्हा आमच्या लेखी सिंहगडाला जाताना लागणारं गाव. तिथली मुलगी आमच्या संस्थेत काय करणार, असं मला वाटलं, आणि वाटलं ते मी लपवलंही नाही.

पहिल्याच दिवशी सरांनी हाक मारली, ‘‘विजयमाला, इकडे ये.’’ नुसतं नाव, आणि अरे-तुरेत. एकवीस वर्षांत त्यांनी मला सुनीती अशी हाक कधी मारली नव्हती. मारावी अशी माझी इच्छाही नव्हती. तरी ते कानाला लागलं.

कार्डं संगणकात भरायचं ठरलं. मी वाचायची, ती टाइप करायची. तिला कार्डं उलटून बघायची खोड.

‘‘काकू, या गॅझेटियरच्या मागं कुणाचं लग्न आहे बघा. चि. सौ. कां. कुमुदिनी आणि चि. वसंत. गोरज मुहूर्त!’’

‘‘पुढचं घे.’’

‘‘टिकलं का हो त्यांचं?’’

‘‘त्यांना तीन मुलं आहेत आणि त्यातला एक अमेरिकेत आहे. घे पुढचं.’’

‘‘म्हणजे टिकलं,’’ ती म्हणाली आणि हसत हसत टाइप करू लागली. तिची बोटं अशी चालत की मला वाचायला दम पुरत नसे. प्रत्येक पुस्तकाला ती एक छोटं टोपणनाव द्यायची. लेखकाचं आडनाव आणि साल. मग सरांच्या मजकुरात जिथं जिथं त्या पुस्तकाचा आधार आहे तिथं तेच टोपणनाव घालायची. ‘‘आता यादी आपण लिहायची नाही काकू, यादी तो लिहितो,’’ असं ती म्हणाली. तो म्हणजे बिबटेक नावाचा प्रोग्राम. तिचा मावसभाऊ परदेशात शिकत होता, त्यानं फ्लॉप्यांवर घालून पाठवला होता.

एप्रिलमध्ये एका दुपारी तिनं सरांना बोलावलं. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, कोपऱ्यात एक लुकलुकती रेघ. ना चित्र ना काही. तिनं एक ओळ टाइप केली, बटण दाबलं, यंत्र घरघरलं. मग पडद्यावर मजकूर दिसला, आणि जिथं जिथं आधाराचा आकडा हवा तिथं नुसतं प्रश्नचिन्ह. पानापानावर प्रश्नचिन्हं.

मला इतका आनंद झाला की मी तोंडाला पदर लावला.

‘‘हे काय?’’ सर म्हणाले.

‘‘असंच असतं, सर. पहिल्या फेरीत तो नुसतं टिपून घेतो, कोणकोण पाहिजे. आता बिबटेकला सांगायचं, ही माणसं शोधून आण.’’ तिनं दुसरी ओळ टाइप केली. ‘‘मग परत दोन फेऱ्या. एकीत यादी बसते, दुसरीत आकडे बसतात. तोवर चहा घ्या.’’

चहा झाला. परत आलो तर प्रश्नचिन्हं गेली होती. प्रत्येक जागी आकडा, आणि शेवटी यादी. ओळीनं, एकसारखी, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही. सर पडद्याजवळ वाकले. जरा वेळानं म्हणाले, ‘‘साल नावानंतर लगेच घेता आलं असतं, तर बरं दिसलं असतं.’’ ती म्हणाली, ‘‘घेऊ की.’’ फाइलच्या तळाशी एक शब्द बदलला, पुन्हा त्याच फेऱ्या, आणि सगळ्या यादीत साल नावानंतर जाऊन बसलं.

१९८६ साली हेच वाक्य सर मला म्हणाले होते. साल नावानंतर घेतलं तर बरं दिसेल. मी सहा आठवडे बसून सगळी यादी हातानं पुन्हा लिहिली होती. उजव्या हाताचं मधलं बोट अजून वाकडं आहे.

सर माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘बघितलंत ना घैसासबाई? सुटलात तुम्ही!’’

सुटले. त्या शब्दाचं काय करावं ते मला कळेना.

घरी यजमान, माधव घैसास, पोस्टात होते. स्वभावानं कोरडे. मी भाजी निवडत होते. ते वर्तमानपत्राआडून म्हणाले, ‘‘त्या मेथीनं काय केलंय तुझं?’’

‘‘काय केलंय?’’

‘‘पानं टाकतेयस आणि देठं ठेवतेयस.’’

मी सांगितलं सगळं. प्रश्नचिन्हं, चहा, साल. ते म्हणाले, ‘‘बरं झालं की. बोट दुखायचं तुझं.’’

‘‘अहो, बोटाचं नाही हो.’’

‘‘माहितेय मला, बोटाचं नाही ते,’’ म्हणाले, आणि पान उलटलं.

मे महिन्यात तिनं शेतातली जांभळं-करवंदं आणली. सर कुणाच्या डब्यातलं खात नसत. मी एकवीस वर्षांत तीन वेळा विचारून सोडून दिलं होतं. तिच्या पुड्यातली जांभळं त्यांनी उभ्या उभ्या खाल्ली आणि जीभ जांभळी झाली का ते खिडकीच्या काचेत बघितलं. एवढं पुरेसं नव्हतं म्हणून की काय, बोलता बोलता निघालं की तिचे आजोबा हिंदुराव यांनी खडकवासल्याच्या कालव्याच्या पाण्यावर पन्नास वर्षं शेती केली, पाण्याच्या पाळ्या सांभाळल्या, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याशी भांडणं केली. सर तिच्याबरोबर धायरीला गेले. दिवसभर बसले. परत आले ते वही भरून. ‘‘घैसासबाई, जे मला तीस वर्षं कुठल्या दप्तरात सापडलं नाही ते त्या म्हाताऱ्यानं पाटावर बसून सांगितलं,’’ असं ते म्हणाले. अठ्ठेचाळीसाव्या पानावर त्यांनी हिंदुरावांचा आधार दिला, आणि विजयमालानं तशी नोंद केली. पोकळे, हिंदुराव, शेतकरी, धायरी, मुलाखत. मजकुरात उल्लेख होता, म्हणून प्रोग्रामनं ती बिनबोभाट यादीत बसवली.

मला वाटलं, आता एवढंच राहिलं होतं. आजोबासुद्धा.

सप्टेंबरमध्ये सुरुवातीची आणि सूचीची पानं छपाईला जायची होती. सरांच्या टेबलावर ती पसरली होती. मी दुसऱ्याच कामाला गेले होते. सूचीच्या पहिल्या पानावर सरांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं : संदर्भसूची, विजयमाला पोकळे. स्वतंत्र ओळीत. प्रस्तावनेत, कार्यालयातल्या नावांमध्ये, शिपायाच्या वर आणि टंकलेखकाच्या खाली, सौ. घैसास यांचे सहकार्य.

सर वाईट मनाचे नव्हते. ते फक्त विसरले होते. ज्यानं यादी बाहेर काढली त्याचं नाव, इतका साधा हिशेब. तीन हजार एकशे चाळीस पत्रिका कापणारी त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती, आणि जी होती ती हसायची छान. मी विचारायला हवं होतं, ‘‘सर, हे काय?’’ पण विचारायचं म्हणजे मागायचं, आणि मागून मिळालेल्या ओळीत काय राहिलं?

दुसऱ्या दिवशी विजयमाला माझ्या टेबलाशी आली. हातात छापील यादी.

‘‘काकू, एक अडचण आहे. कार्डं भरली तीन हजार एकशे चाळीस, यादीत आली आठशे बारा. ज्यांचा मजकुरात उल्लेख आहे तेवढीच तो घेतो. बाकीची सोडतो.’’

‘‘मग?’’

‘‘मग विचारायचं होतं, सरांनी उल्लेख केला नाही तरी यादीत पाहिजेच, असं काही आहे का? त्याला एक आज्ञा असते. एक ओळ लिहिली की ते पुस्तक येतं. दोन मिनिटांचं काम आहे.’’

मला क्षणभरसुद्धा विचार करावा लागला नाही. तिनं बोलायला सुरुवात केली तेव्हाच कार्ड क्रमांक एक माझ्या डोळ्यांपुढं आलं होतं. सरांनी आप्पासाहेबांच्या पुस्तकाचा या ग्रंथात कुठंही उल्लेख केलेला नाही हे मला माहीत होतं. आधीच्या चारांतही नव्हता. प्रकाशन समारंभाला आप्पासाहेबच प्रमुख पाहुणे आहेत हेही माहीत होतं. निमंत्रणाचा मसुदा मीच लिहिला होता.

‘‘नाही,’’ मी म्हणाले. ‘‘असं काही नाही.’’

‘‘नक्की ना? तुमच्या खणात पहिलंच…’’

‘‘उल्लेख नाही म्हणजे आधार घेतला नाही. यंत्र बरोबर करतंय. तुझ्या नावाची यादी आहे, तू ठरव.’’

तिनं यादीची घडी घातली. मग ‘‘बरं’’ म्हणून गेली.

समारंभ ऑक्टोबरच्या शेवटी, संस्थेच्या सभागृहात. खुर्च्या भरल्या होत्या. पुण्यातल्या अशा समारंभांना लोक पुस्तकासाठी कमी आणि आप्पासाहेब काय बोलतात ते ऐकायला जास्त येत. ते शहाऐंशी वर्षांचे होते. बारीक, ताठ, पांढरी टोपी, खिशात भिंग. विजयमालाचे वडील आणि आजोबा तिसऱ्या रांगेत बसले होते. हिंदुरावांनी नवा फेटा बांधला होता.

सरांनी ग्रंथ आप्पासाहेबांच्या हातात दिला. टाळ्या झाल्या. आप्पासाहेबांनी तो उलटा केला, मागून उघडला, भिंग काढलं, आणि सगळ्यांच्या देखत पानावरून बोट फिरवू लागले. मग ते ध्वनिक्षेपकाकडे वाकले.

‘‘लाड आहेत,’’ ते म्हणाले. ‘‘लिमये आहेत. इंग्रजी वर्णक्रमानं पाहिलं तर आम्ही लवाटे या दोघांच्या मधे बसतो. इथं जागा रिकामी दिसत नाही. म्हणजे आम्ही उठून गेलो असं नव्हे. आम्ही आलोच नाही.’’

लोक हसले. आप्पासाहेब हसले नाहीत. पान उलटलं.

‘‘पोकळे, हिंदुराव. शेतकरी, धायरी. हे आहेत. उत्तम. ज्यांनी पाणी शेताला दिलं त्यांना मान हवाच. आम्ही नुसतं पुस्तक लिहिलं.’’

आता कुणी हसलं नाही. तिसऱ्या रांगेत हिंदुराव, आपलं नाव घेतलं म्हणून, उठून हात जोडून उभे राहिले होते. जयसिंगरावांनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं.

‘‘दीनानाथ,’’ आप्पासाहेब म्हणाले, आणि आता आवाज वेगळा होता, ‘‘तुझे आधीचे चार ग्रंथ माझ्या कपाटात आहेत. त्यांत मी पहिला असे. मला वाटायचं, पोरगा वाचतो.’’

एवढं बोलून ते खाली बसले. पुढं चार भाषणं झाली असतील. मला एकही आठवत नाही. ज्यासाठी मी नाही म्हणाले होते ते झालं होतं. पण म्हाताऱ्याचा चेहरा असा होईल हे मी धरलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढं फक्त त्या मुलीचा चेहरा होता.

बाहेर चहापाशी आमचे कार्यालयप्रमुख कुणालातरी सांगत होते, ‘‘नातीनं आजोबाला बसवलं आणि आप्पासाहेबांना उठवलं.’’ दुसऱ्या दिवसापर्यंत हे वाक्य प्रभात रस्ता ओलांडून पार शहरात पोचलं.

सरांनी आम्हा दोघींना खोलीत बोलावलं.

‘‘कार्ड होतं?’’

‘‘होतं, सर,’’ विजयमाला म्हणाली. ‘‘एक नंबरचं.’’

‘‘मग?’’

तिनं माझ्याकडे पाहिलं. एक श्वास घ्यायला लागतो तेवढंच. ‘‘मजकुरात उल्लेख नव्हता. म्हणून प्रोग्रामनं घेतलं नाही. माझ्या लक्षात यायला हवं होतं.’’

‘‘घैसासबाई, तुम्ही नाही पाहिलं?’’

‘‘मला कुणी दाखवलं नाही,’’ मी म्हणाले.

सर तिच्याकडे वळले. ‘‘आजोबा बरे लक्षात राहिले!’’

तिचा चेहरा लाल झाला. पण आवाज चढवला नाही. ‘‘आजोबांचा उल्लेख तुम्हीच केलाय, सर. अठ्ठेचाळीसाव्या पानावर. या यादीत उल्लेखाशिवाय कुणीच नाही.’’

खरं होतं, आणि तेच सरांना सोसलं नाही. तिची नेमणूक हंगामी होती. ती पुढं वाढवायची नाही असं त्याच संध्याकाळी ठरलं.

पंधरवड्यानं आप्पासाहेबांचं पोस्टकार्ड आलं. सरांनी ते माझ्यापुढं ठेवलं. बारीक, स्वच्छ अक्षर. ‘चारही ग्रंथ भिंगानं तपासले. बारा दिवस लागले. यादीत मी आहे, मजकुरात कुठंही नाही. तेव्हा मला यादीत बसवणारं माणूस निराळं असणार. जे कुणी असेल त्यांना माझा नमस्कार सांगणे.’

‘‘कोण?’’ सरांनी विचारलं.

‘‘मी.’’

‘‘मी कधी सांगितलं होतं तुम्हाला?’’

‘‘सांगावं लागत नव्हतं.’’

सरांनी कार्ड उचलून पुन्हा वाचलं. वीस वर्षं आपलं गुरूशी असलेलं नातं आपण सांभाळलं नव्हतं, दुसऱ्याच टेबलावरून कुणीतरी सांभाळत होतं, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं असावं. मग म्हणाले, ‘‘चूक माझी. ही सूची तुम्हीच करायला हवी होती.’’

चुकीची पानं बदलणं शक्य नव्हतं, पाचशे प्रती बांधून झाल्या होत्या. म्हणून एक चिठ्ठी छापायची ठरली, सूचीच्या पहिल्या पानावर वरच्या बाजूला चिकटवायची. तिच्यावर आप्पासाहेबांचं पुस्तक सगळ्यांच्या आधी, आणि त्याच्यावर एक ओळ. संदर्भसूची, सुनीती घैसास. चिठ्ठी अशी बेतली होती की खालचं नाव तिच्याखाली पुरतं झाकलं जाईल.

मला माझी ओळ मिळाली.

चिठ्ठ्या चिकटवायला मी घरून पिठाची खळ करून आणली. विजयमालाचा तो शेवटचा आठवडा. आली नसती तरी चाललं असतं, पण ती आली, बाह्या सरसावून माझ्यासमोर बसली, आणि स्वतःच्या नावावर माझं नाव चिकटवू लागली. शंभरेक प्रती चिकटवून झाल्या.

‘‘काकू, एक नंबरचं कार्ड भरलं तेव्हाच मला कळलं होतं, हे मानाचं आहे,’’ ती खाली बघतच म्हणाली. ‘‘बाकीची कार्डं तुम्ही कशीही ठेवायचात. त्याला तुम्ही प्लास्टिकचं पाकीट केलं होतं. मला घालावंसं वाटत होतं. पण तुम्ही नाही म्हणालात. तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं, असं कसं म्हणू?’’

‘‘मग सरांना का नाही सांगितलंस?’’ माझ्या तोंडून गेलं. म्हणजे मी कबूलच केलं.

‘‘काय सांगू? तुम्ही एकवीस वर्षं हायत इथं.’’ ती कधी असं बोलत नसे. संस्थेत पाऊल ठेवल्यापासून तिनं ते बोलणं दाराबाहेर चपलांशेजारी ठेवलं होतं. ‘‘माझं काही नाही हो. दुसरी नोकरी मिळंल. पण आमचा आजा घरी येऊन दोन दिवस जेवला नाही. म्हणला, मी त्या मोठ्या माणसाची जागा घेतली का गं?’’

माफी मागायची ती वेळ होती. माझ्यापुढं पुस्तक उघडं होतं, बोटाला खळ होती.

‘‘वाळत्येय खळ,’’ मी म्हणाले. ‘‘हात चालव.’’

ती निघाली तेव्हा मला वाकून नमस्कार करून गेली. मोठ्या बाईला करतात तसा. त्यात काही टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढचं थोडक्यात.

आप्पासाहेब दोन वर्षांनी गेले. चिठ्ठी लावलेली प्रत सर स्वतः घेऊन गेले होते. आप्पासाहेबांनी ती घेतली, चहा दिला, आणि दुसऱ्या विषयावर बोलले. मला पाठवलेल्या नमस्काराचं उत्तर द्यायला मी कधी गेले नाही.

खांबेटे सर १९९३ला निवृत्त झाले, नाशिकला मुलीकडे राहायला गेले आणि तिथंच २००३ साली वारले. सहावा ग्रंथ मनात होता, लिहिला नाही.

हिंदुराव पोकळे नव्वदी पार करून गेले, असं कुणाकडून तरी कळलं. ती शंका त्यांच्या मनातून गेली की नाही, ते मला माहीत नाही.

माझ्या यजमानांना मी त्या ‘नाही’बद्दल सांगितलं ते फार उशिरा, त्यांच्या शेवटच्या आजारात. ते म्हणाले, ‘‘मेथीच्या दिवशीच कळलं होतं.’’ २००६ला ते गेले.

संस्थेत आता सगळं संगणकावर आहे. सात-आठ वर्षांपूर्वी मी तिथं एका व्याख्यानाला गेले होते, तेव्हा ग्रंथालयात ती प्रत मागून घेतली. खळीला झुरळं लागतात हे मला चांगलं ठाऊक असायला हवं होतं. चिठ्ठीचा वरचा भाग खाल्ला गेला होता. माझ्या नावाची पहिली दोन अक्षरं शिल्लक होती, आणि त्यांच्यापुढं खालून स्पष्ट वाचता येत होतं, विजयमाला पोकळे.

ती एका छापखान्यात लागली, मग स्वतःचं काम सुरू केलं. परदेशातली नियतकालिकं, त्यांची पानं आणि त्यांच्या याद्या लावून द्यायचं. धायरीतच चार मजली कार्यालय आहे, साठ-सत्तर माणसं आहेत, त्यांत निम्म्या आसपासच्या गावांतल्या मुली. गेल्या वर्षी वर्तमानपत्राच्या पुरवणीत तिचा फोटो आला.

मी कोथरूडला राहते, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे. फोटो बराच वेळ बघितला. पहिल्यांदा मनात आलं ते हे, की साठीला आली तरी या मुलीला अजून चष्मा लागलेला दिसत नाही. पश्चात्तापही झाला. पण तो चहा झाल्यावर.